लाल दोऱ्याची डबी

हार्टवुड, ११ मार्च १९११

प्रिय सिम,

अक्षर बघून तू हे पत्र चुलीत टाकायला उठशील. टाक, पण शेवटपर्यंत वाचून टाक. तू तुझ्या बहिणीला, एल्स्पीला, लिहिलेलं पत्र तिनं परवा माझ्यापुढे ठेवलं. जूनमध्ये तिचं लग्न आहे आणि तू येणार नाहीस. 'गिबमामाच्या बहिणीपुढे कुठल्या तोंडानं उभा राहू,' असं तू लिहिलंस. ती गिबमामाची बहीण असेल, पण तुझी आई आहे रे. नऊ वर्षं झाली, तिनं तुझं तोंड पाहिलेलं नाही. तू यायला हवंस, आणि तू का येत नाहीस हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही.

आधी इकडचं सांगतो, म्हणजे हात जरा सैल होईल. यंदा थंडी पडलीच नाही, त्यामुळे जमिनीखालचे मोल मोकाट सुटलेत. खालच्या कुरणात मातीच्या ढिगाऱ्यांनी पाय टाकायला जागा ठेवलेली नाही. मुठीएवढा आंधळा जीव, पण अख्खं कुरण पोखरून ठेवतो. मी अजून घोड्याच्या केसाचा फास आणि हेझलची वाकवलेली काठी यावरच काम करतो. पोरं हसतात, 'रॉबकाका, लोखंडी सापळे आले की बाजारात!' येऊ देत. लोखंडी सापळ्यानं तुझ्या मामाची उजव्या हाताची तीन बोटं खाल्ली, ते मी विसरलेलो नाही. कातडी मात्र हल्ली हातोहात जातात. लंडनच्या बायकांना मोलचे कोट हवेत म्हणे. एका कोटाला किती जीव लागतात हे त्यांना सांगितलं तर अंगावर घालवणार नाही. तू तिकडे ग्लासगोत शिशाचे नळ जोडतोस, असं एल्स्पी म्हणाली. मग वितळलेलं शिसं सांध्यावर पुसायला मोलचंच कातडं वापरत असशील. घर सोडलंस, पण धंद्यानं तुला सोडलं नाही, हे ऐकून मला हसू आलं आणि मग फार वाईट वाटलं.

तू गेलास त्या वर्षी मालकानं निरोप धाडला होता की, मेंढ्या व्यायच्या आत कुरण साफ झालं पाहिजे. माझ्या फासांनी ते होईना. तू एकोणीस वर्षांचा, डोकं गरम. पलीकडच्या खोऱ्यातून कुचल्याची पांढरी पूड आणलीस, गांडुळं तिच्यात घोळवून मोलच्या वाटांमध्ये सोडायची म्हणालास. आपलं कसं कडाक्याचं वाजलं ते आठवतं ना? मी म्हणालो, "विषानं मेलेला मोल जमिनीखालीच कुजतो. कातडं काय माझ्या पाठीचं काढणार?" तू म्हणालास, "बाबा, कातडं गेलं तर गेलं. काम गेलं तर खाणार काय?" तुझं बरोबर होतं. ते मी तेव्हा कबूल केलं नाही, आज करतो.

आपल्या घरात गांडुळांना तंबाखूच्या चपट्या डब्या. मासेमारीचीही त्यातच, ओल्या शेवाळात, आणि तुझी ती विषारीही त्यातच. पण तू निष्काळजी नव्हतास. त्या डबीला तू आईच्या लोकरीतला लाल दोरा गुंडाळलास आणि ती गोठ्याच्या तुळईवर, कुणाचा हात जाणार नाही अशी ठेवलीस. आम्हां सगळ्यांना दाखवून म्हणालास, "लाल दोरा म्हणजे हात नाही लावायचा. मामा, ऐकलंस का?" मामा म्हणाला, "मला बोटं कमी आहेत रे, कान कमी नाहीत."

त्या शनिवारी मी पहाटे फास बघायला गेलो आणि न्याहारीला परतलो. तू जिन्यावरून डोळे चोळत खाली येत होतास. आदल्या दिवशी जत्रेत जरा जास्तच झाली होती. आई पाव कापत होती. सहज म्हणाली, "गिब गेला नदीवर. खिडकीतली डबी घेऊन गेला." मासेमारीची डबी तर दाराशी फळीवरच होती. तुझा चेहरा मला अजून दिसतो. तू गोठ्यात धावलास, तुळई चाचपलीस आणि ओरडलास, "बाबा, डबी नाही!" मग तू धावत सुटलास, आणि तुझ्यामागे मी.

गिबला गांडूळ हातानं तोडता येत नसे. तो दातांनी तोडायचा, प्रत्येक गळाला एक. आणि गालात सदा तंबाखू, त्यामुळे कडू लागलं तरी कळायचं नाही. धावताना मला दुसरं काही सुचत नव्हतं. किती तोडली असतील? दोन? दहा? कुंपणं ओलांडताना माझी विजार फाटली, तू तर सरळ ओढ्यातून गेलास. पुलावरून तो दिसला तेव्हा माझ्या जिवात जीव आला. काठावर मजेत बसला होता, बाजूला गवतावर चार मासे. तू लांबूनच ओरडलास, "मामा, थुंक! तोंड धू!" त्यानं वळून हात उडवला. "बोंबलू नका रे, पळतील ना मासे!"

मग तो उठायला गेला आणि त्याला उठता येईना. पुढचं मी लिहीत नाही, तूही तिथेच होतास. त्याचं डोकं तू मांडीवर घेतलंस, अंग धनुष्यासारखं ताणलं जात होतं आणि तू त्याला धरून ठेवत होतास. आई डॉक्टरला घेऊन घोडागाडीतून पुलावर आली तेव्हा सगळं संपलं होतं.

काठावर ती डबी पडली होती. आईनं ती उचलली, उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "सिम, दोरा कुठाय?" तू म्हणालास, "मी बांधला होता. आई, शपथ, मी बांधला होता, डबी वर ठेवली होती." ती म्हणाली, "जत्रेतून आल्यावर काय केलंस ते आठवतं तरी का तुला?" तुला खरंच आठवत नव्हतं. माझ्याकडे पाहिलंस. मी नदीकडे पाहत राहिलो. मूठमाती दिल्यानंतर आठ दिवसांनी तू गेलास.

आता मुद्द्याचं. एल्स्पीच्या पत्रात तुझी एक ओळ आहे: 'तो दोरा मी कधी सोडला, हे नऊ वर्षं आठवतोय, आठवत नाही.' सिम, तू सोडलाच नव्हतास. त्या पहाटे डबी तुळईवरून मी काढली. तू उठलास की तुझ्यादेखत ती चुलीत टाकायची, असा माझा ताठा. खिडकीत ठेवली, आणि निघताना एका फासाची गाठ तुटलेली दिसली. हाताशी डबीचा लाल दोरा होता. मी तो सोडला आणि गाठ बांधली. आयुष्यभर सुतळीचा तुकडा वाया न घालवणारा हात, मनाला विचारतो कुठे? तू आईपुढे शपथा घेत होतास तेव्हा तो दोरा कुरणात माझ्या फासाला होता. मला ठाऊक होतं आणि मी बोललो नाही. आधी भीती वाटली, मग तू गेलास, आणि मग प्रत्येक वर्षागणिक ते जास्तच कठीण झालं. तुझ्याकडे माफी मागायची माझी लायकी नाही, म्हणून मागत नाही. आज तुझ्या आईला सगळं सांगितलं. ती बटाटे सोलत होती. शेवटच्या बटाट्यापर्यंत सोलतच राहिली. मग सुरी ठेवली, कागद आणि दौत माझ्यापुढे आणून आदळली आणि म्हणाली, "त्याला लिही. आत्ता लिही. आणि तो येईपर्यंत तू गोठ्यात झोप." म्हणून गोठ्यात बसून लिहितोय. घरात वर तुझ्या खोलीत आई सामान सरकवतेय, त्याचा आवाज इथपर्यंत येतोय.

तुझाच,
बाप