पहिला मासा पाण्याचा

ॲन आर्बर, अमेरिका
१७ फेब्रुवारी

सौ. रत्ना हिला,

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. जानेवारीत दोनदा लिहायला बसलो, दोन्ही वेळा ‘इकडे सर्व ठीक’ इथपर्यंत आलो आणि पेन थांबलं. फोनवर बोलतोच की, म्हणशील. पण केदार फोन स्पीकरवर टाकतो, सुमेधा ऐकत असते, अनया मध्येच ‘हाय आजी’ करते आणि माझं बोलायचं राहून जातं.

तुझ्या ताईंचा गुडघा कसा आहे? ज्या ऑपरेशनसाठी तू तिकडे गेलीस, त्यानंतर आता त्या जिना चढतात असं कळलं. बरं वाटलं. तुझ्या परतीच्या तिकिटाबद्दल मी काही विचारणार नाही. ठरवलंय.

गंमत सांगतो. शनिवारी इथल्या तळ्यावर मासे धरायची स्पर्धा होती. सगळं तळं गोठलेलं. त्यावर माणसं, तंबू, कुत्री, शिवाय ट्रकसुद्धा! शेजारचा डेल मला न्यायला आला. मी म्हटलं, मी काठावरून बघतो.

केदार म्हणाला, “बाबा, ट्रक उभे आहेत बर्फावर. तुमचं वजन किती?”

“ट्रकला जीव नाही म्हणून त्याला भीती कळत नाही,” मी म्हटलं.

शेवटी गेलो. दोन स्वेटर, त्यावर केदारचा कोट, आणि आतून तुझी तपकिरी शाल. ती तू इथेच ठेवून गेलीस. मुद्दाम ठेवलीस की विसरलीस, हा विचार मी फार करतो. असो.

बर्फ मधूनच कडकड वाजतो गं! मी दर वेळी डेलचा दंड धरायचो. तो हसायचा, म्हणायचा, बर्फ वाजतो म्हणजे चांगला आहे, गप्प झाला की पळायचं. मला आपलं घर आठवलं. तू भांडी आपटत असलीस की मी निर्धास्त असतो.

डेलने भल्यामोठ्या गिरमिटाने बर्फाला भोक पाडलं, बादलीच्या तोंडाएवढं. मला उलट्या बादलीवर बसवलं, हातात वीतभर काठी दिली. खेळण्यातली वाटावी अशी. पण गळ तो गळ. पाण्यात सोडला आणि हात आपोआप दाभोळच्या खाडीवर गेल्यासारखा हलका झाला. भीती कुठे गेली कळलं नाही.

आणि लागला की! असा ओढला की काठी वाकली. डेल ओरडला, केदार धावला, आजूबाजूचे लोक कॉफीचे पेले घेऊन जमले. वर काढला तर हातभर लांब, हिरवा, ठिपक्याठिपक्यांचा, तोंड बदकासारखं चपटं. पाइक म्हणतात त्याला. तोवर एवढा मोठा कुणाचाच नव्हता. मोजणाऱ्या बाई मापाची फळी घेऊन लगबगीने निघाल्या.

आणि मी काय केलं असेन? तुला सांगायला नको. खिशातून हळदीची पुडी काढली, त्याच्या डोक्याला बोट लावलं, “जा बाबा” म्हटलं आणि दिला सोडून भोकातून.

तुझ्या आप्पांनीच लावलेली सवय ना ही? पहिला मासा पाण्याचा. लग्नानंतर मला पहिल्यांदा होडीत घेतलं तेव्हापासूनची. इथे मोजल्यावाचून सोडायचा नसतो, हे डोक्यातच आलं नाही.

मग केदार कपाळाला हात लावून म्हणाला, “बाबा! जिंकला होतात ना तुम्ही!” डेल बर्फावर बसूनच हसायला लागला. मोजणाऱ्या बाईंनी माझं पिवळं बोट बघून, माशाला औषध लावलं का, असं विचारलं. केदारने आप्पांची गोष्ट इंग्रजीत सांगितली, तेव्हा एक म्हातारे गृहस्थ टोपी काढून माझ्याशी हात मिळवून गेले.

डेल मात्र म्हणाला, “तो मासा आता इकडे फिरकत नाही, डॅटा.” दत्ताचं त्याने डॅटा केलंय. चेष्टेतच म्हणाला. पण ते वाक्य मी घरापर्यंत घेऊन आलो. माशासाठी नव्हे.

दुपारी आणखी एक लागला, बोटाएवढा पिवळा पट्टेरी. तो मोजून घेतला. त्याला सगळ्यात लहान माशाचं बक्षीस मिळालं! कान झाकणाऱ्या दोन लोकरी टोप्या, भगव्या रंगाच्या. एक मी घालूनच लिहितोय. दुसरी तुझ्या उशीवर ठेवली आहे.

आता लिहूनच टाकतो. गेल्या आठवड्यात केदार सुमेधाला सांगत होता, “आई परत यायचं नाही म्हणते. बाबांना एवढ्यात नको सांगूस.” मी मोजे शोधत जिन्यात उभा होतो. तेव्हापासून ऐकलंच नाही असं दाखवतोय.

तुला इथली थंडी सोसत नाही, दिवसभर बोलायला कुणी नाही, हे मला कळतं. मलाही तसंच वाटायचं. आता डेल आहे, तळं आहे. खरं सांगू, इथे मन लागायला लागलंय, आणि त्याचंच मला अपराधी वाटतं. तुझी मनाई नसेल तर उन्हाळा इथे आणि थंडी तिकडे, असं करू. तेही नको असेल तर मीच येतो. तिकडच्या उकाड्यात ही टोपी घालून ओटीवर बसेन. लोक हसले तर हसू देत.

फक्त दोन ओळी लवकर लिही. फोनवर सांगू नकोस, पत्रातच लिही, म्हणजे आधी मला एकट्याला कळेल. आणि शाल मुद्दाम ठेवली होतीस का, तेवढं नक्की लिही.

तू ज्याला ‘अहो, ऐकलंत का’ म्हणतेस आणि ज्याने या वेळी ऐकलं, तो तुझा
दत्ताराम