शेवटच्या गाईचा पोळा

सर,

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, आपल्या कॉलेजच्या गोठ्यातली शेवटची देवणी गाय गेली. तुम्हाला जाऊनच आता बरीच वर्षे लोटली. तेव्हा ही वार्ता माझ्याआधी तिनेच तुमच्यापर्यंत पोहोचवली असण्याची शक्यता नाकारता येत नाही. तरीही ‘पशुविज्ञान परिचय’ या विषयाचा विद्यमान प्राध्यापक आणि आपल्या गादीचा एकमेव, म्हणूनच निर्विवाद, उत्तराधिकारी या नात्याने औपचारिक निवेदन करणे मला क्रमप्राप्त आहे.

आम्ही नवे आलो तेव्हा तुम्ही वर्गाचे दारही न उघडता आम्हाला थेट गोठ्यात नेले होते. अनोळखी माणसे दिसताच गाईंनी रवंथ थांबवला. “आता गप उभं राहा,” तुम्ही म्हणता, “प्रवेश मी देत नसतो, ती देते.” शेणात बूट रुतवून आम्ही उभे आहोत, माशा तोंडावर बसतात, पण हात हलवण्याची कोणाची प्राज्ञा नाही. अखेर एका गाईचा जबडा सावकाश आडवा फिरतो, आणि मग तुम्ही हजेरी घेता. तुमच्या पश्चात हा विधी मी अखंड चालवला. गोठा मात्र आटत गेला. जनावरे म्हातारी झाली, नव्यांना मंजुरी आली नाही, प्रात्यक्षिके पडद्यावर गेली. पडद्यावरची गाय कोणासमोरही रवंथ करते. तिला परके असे कोणी नाहीच. शेवटी ही एकटी उरली. पांढऱ्या अंगावर काळे डाग, लोंबते कान आणि शैक्षणिक धोरणाविषयी परिपूर्ण औदासीन्य. वयाने थोराड, पण यंदा गाभण. ही गोष्ट आमचे पशुवैद्य आणि मी, एवढ्या दोघांनाच ठाऊक होती. या विषयाचे समग्र भवितव्य तिच्या पोटात होते, असे मी म्हटले तर तुम्ही तरी त्याला अलंकार समजणार नाही.

नवी मुले पोळ्यानंतर यायची होती. त्याआधी पोळा आला. औसा रस्त्याला लागून तुमच्या वेळी जी शेते होती, तिथे आता दुमजली घरे आहेत. घरोघरी पुरण शिजते, दारोदारी गाडी उभी असते, आणि जनावर एकाही दारी नसते. परिणामी अवघ्या वसाहतीची भक्ती आपल्या एकाच गाईच्या कोठीपोटावर येऊन कोसळते. मी गोठ्याच्या फाटकात द्वारपाल होऊन उभा राहिलो. सर्वांत पुढे आमच्या वॉचमनच्या पत्नी, ज्यांना सगळे कॉलेज मावशी म्हणते.

“मावशी, पोळी नको. हिला चारा पचतो, पुरण नाही.”

“वर्षाचा सण हाय सर. लक्ष्मीला काय कडब्याचा निवद दाखवू?”

“हिच्या पोटात सूक्ष्म जीवांचे प्रजासत्ताक नांदते. एकदम गोड पडले की तिथे आम्ल माजते आणि राज्य बुडते. साखर तर विषवत् वर्ज्य.”

“साखर कुठंय? गुळाचं केलंय की!”

मागच्या बायकांतून कोणीतरी म्हणाले, “सर लई शिकलेत, म्हणून तर गाय वाळून राहिली.” सगळ्या हसल्या. मीही हसलो. ताटे कपाळाला लावून परत न्यावीत, असा तोडगा मी काढला आणि स्वतःच्या मुत्सद्देगिरीवर प्रसन्न झालो. दरम्यान, हे मला मागाहून कळले, मागच्या बाजूला, जिथे कुंपण पडले आहे, तिथून माघारी गेलेली ताटे परत आली. प्रत्येकीने एकेकच पोळी भरवली. अतिरेक कोणीही केला नाही.

संध्याकाळी तिने कडब्याला तोंड लावले नाही. सोड्याचे पाणी पाजले, पशुवैद्यांना बोलावले. त्यांनी डाव्या कुशीवर मूठ दाबून धरली, बराच वेळ तशीच ठेवली आणि म्हणाले, “आत कायच हालंना, सर.” गोठाभर आंबट वास होता. जे करता येण्याजोगे होते ते त्यांनी केले. करीला सकाळी ती उठली नाही. मी तिच्यासमोर तुमच्याच नियमाने गप उभा राहिलो. जबडा फिरला नाही. दुपारी मान कुशीवर टाकून ती गेली, आणि वासराचा प्रश्न तिच्याबरोबरच निकाली निघाला.

मग मावशी आल्या. पदर तोंडाशी धरून लांबच थांबल्या. “सर, आपल्या पोळीनं तर न्हाई ना गेली?”

मला माझी पहिली उत्तरपत्रिका आठवली. जनावर का मेले, या प्रश्नाला मी ‘अशक्तपणामुळे’ असे लिहिले होते. तुम्ही ते भर वर्गात वाचून दाखवलेत आणि म्हणालात, “हे कारण नव्हे, ही श्रद्धांजली आहे. बाहेर उभा राहा.” तेव्हापासून मी आयुष्यभर कारणेच शिकवत आलो.

“वय झालं होतं, मावशी,” मी म्हणालो.

“हाव सर. पण जाताना सण गोड झाला बघा तिचा.”

मी मान डोलावली. नवी मुले आली आहेत. त्यांना वर्गात बसवून मी पडदा लावतो. हे पत्र टपालात टाकण्याजोगे नाही. खरे कारण निदान एका माणसाला सांगावे, एवढ्यासाठीच लिहिले. ती गाभण होती, हे मी मावशींना सांगितलेले नाही. आणि सर, सांगणारही नाही.