अर्धा मीटर जास्तीचं शीड

बाबा,

तुम्ही पहाटे फजरच्या नमाजाला गेलात तेव्हा मी बंदरावर जाऊन त्या इटालियनाकडून घेतलेलं जुनं शीड आपल्या बोटीवर चढवून पाहिलं. डोलकाठीच्या पार टोकाला भिडलं, तरी खालचा आडवा दांडा माझ्या कानाशी लोंबत होता. समुद्रात वारा फिरला असता, तर सुकाणूपाशी बसलेल्याचा कपाळमोक्ष ठरलेला. आज पॅन्टेलेरिया बेटावर जाताना तिथे आई बसणार होती.

“वापरलेलं शीड ताणलं जातंच गं,” हे मला ऐकवू नका. अर्धा मीटर नाही ताणलं जात. मी दोरीला टेप बांधून वर चढवली आणि डोलकाठी पुन्हा मोजली. अकरा मीटर तीस आहे. तुम्ही तीच टेप वाचून अकरा ऐंशी सांगितलंत, आणि मीही तेच लिहून घेतलं.

शीड लतीफकाकांकडे कापून शिवायला नेतेय. इंजिनाची किल्ली माझ्या खिशात आहे, शोधत बसू नका. आईला मी फक्त शिवण उसवल्याचं सांगितलंय.

ही चिठ्ठी मुद्दाम दुप्पट मोठ्या अक्षरांत लिहिली आहे. तरीही ती खिडकीपाशी न्यावी लागली असेल, तर खरं काय ते आईला आजच सांगा. नाहीतर संध्याकाळी मी सांगेन.

सिहेम