अर्धी ओवी

रोहणा, ता. आर्वी
१४ नोव्हेंबर १९५६

चि. मीरास,
वासुदेवदादाचे अनेक आशीर्वाद.

जात्याची घरघर. आधी ती, मग बांगड्यांची किणकिण, तीही एकाच हाताची, कारण खुंट्यावरचा दुसरा हात तुझा असे. आणि मग गळा. तुला पत्र लिहायचे ठरवून बसलो आणि पहिल्यांदा हेच कानात आले. मी अंथरुणात पडून असे, तू आणि तुझी वहिनी यशोदा पडवीत दळत असा. एकीने ओवीचा अर्धा म्हणावा, दुसरीने उरलेला अर्धा. पीठ पडे तेव्हा उजाडलेले असे.

येथील क्षेम आहे असे लिहावे तर खोटे होते, आणि न लिहावे तर पत्र सुरू होत नाही. कापसाची वेचणी चालू आहे. या महिन्यापासून आपण मुंबई राज्यात गेलो म्हणतात. पत्त्यात काय लिहायचे ते आमच्या पोस्टमास्तरालाही नीटसे ठाऊक नाही. मागच्या विहिरीजवळ तू लावलेली जाई अजून आहे. आपली आपण जगते. यंदा पाने पिवळी पडली आहेत, थंडीने असेल. तू ती लावलीस तेव्हा मी म्हटले होते, जे फूल माळता येत नाही त्याचा वेल कशाला? विधवेला असे बोलू नये हे मला तेव्हाही कळत होते.

असो. अठरा भाऊबीजा गेल्या, मी चार ओळी लिहिल्या नाहीत. आता लिहितो ते कामापुरते लिहितो.

भाद्रपदात, महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी, तुझी वहिनी विहिरीपाशी पडली. शेजारी बादली लवंडलेली होती. भर दुपारी पाणी काढायला कशाला गेली कोण जाणे. उजवे अंग गेले आणि वाचा गेली. बैलगाडीने आर्वी, तिथून मोटारीने वर्धा, असे करत सेवाग्रामच्या दवाखान्यात नेले. तीन आठवडे तिथे होतो. तुझे मुलींचे वसतिगृह तिथून दीड मैल असेल, त्याची कौलेही दिसत असतील. मी त्या बाजूला पाहिले नाही.

घरी आणल्यावर यशोदा भिंतीकडे पाहत पडून असे. पाणी हवे का विचारले तर डोळ्यांनी सांगे. आणि एका सकाळी, मी चूल पेटवत होतो, आतून आवाज आला. स्वच्छ, शब्दांसकट:

अंगनी लावली जाई, तिले पानी कोन घाली

धावत गेलो. म्हटले, यशोदे, बोल, आणखी बोल. तोंडातून नुसता घोगरा आवाज निघाला. ज्या जिभेला ‘पाणी’ म्हणता येत नव्हते तिने ओवीत पाणी म्हटले होते. डावा हात गोधडीवर गोल गोल फिरत होता, खुंटा धरल्यासारखा. अर्धी ओवी झाली, हात थांबला, आणि ती माझ्याकडे पाहू लागली.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना जाऊन विचारले. त्या म्हणाल्या, “गुरुजी, बोलणं गेलं म्हणून गाणं जातंच असं नाही. लहानपणापासून जे गळ्यात बसलं ते म्हातारपणी शेवटपर्यंत सोबत करतं. त्यांना गाऊ द्या, त्यातून एखाद-दुसरा शब्द परत येईलही. पण एकटीला गायला लावू नका, तुम्ही साथ द्या. आणि उशीर करू नका, दुसरा झटका केव्हा येईल ते सांगता येत नाही.”

साथ द्यायची म्हणजे पुढचा अर्धा यायला हवा. मीरा, बारा वर्षे तो माझ्या कानावरून गेला आणि मला तो येत नाही. क्रमिक पुस्तकांतल्या कविता अजून पाठ आहेत. पहिलीपासून सातवीपर्यंतच्या, आता पुस्तकांतून गेलेल्यासुद्धा. शेतात चक्कर टाकायला जातो तेव्हा त्याच म्हणत जातो, तेवढी पावले हलकी पडतात. वाटले, हिलाही तेच लागू पडेल. उशाशी बसून एकेक म्हटली. चाल लावून म्हटली. ती नुसती बघत राहिली, शाळा सुटायची वाट बघणाऱ्या पोरासारखी. मग मीच ओवीचा दुसरा अर्धा रचला. वृत्तात बसवला, यमक जुळवले आणि म्हणून दाखवला. तिने तोंड भिंतीकडे फिरवले. मी जन्मभर मुलांच्या वह्यांवर लाल शाईने शेरे मारले; माझ्या कवितेवर इतका नेमका शेरा कुणी मारला नव्हता.

रोज पहाटे ती अर्धी म्हणते आणि थांबते. पुन्हा अर्धी, पुन्हा थांबते. पाच-सहा वेळा झाले की डोळे मिटून घेते. महिन्याभरात आवाज बारीक होत चालला आहे. म्हणून हे पत्र. तो दुसरा अर्धा तेवढा लिहून पाठव. कार्डावर मावेल. तू यावेस असे माझे म्हणणे नाही. वसतिगृहाची कामे तुला असतीलच.

इथे पत्र संपवणार होतो. वाचून पाहिले. वह्या तपासायची जुनी सवय, म्हणून कळले की लिहायचे ते गाळलेच आहे.

एकोणचाळीस सालचा माघ. डिप्टीसाहेब शाळा तपासायला आले आणि आपल्याकडे मुक्कामाला राहिले. आदल्या संध्याकाळी मी त्यांना माझी स्वागताची कविता वाचून दाखवली, चोवीस कडव्यांची. सातव्या कडव्याला त्यांनी जांभई दिली, ती मी पाहिली. पहाटे तुम्ही दळायला बसलात. ते ओसरीवर उठून बसले, चहा निवला तरी ऐकत राहिले, आणि मला म्हणाले, “मास्तर, घरात एवढी कविता असताना तुम्ही काल मला ते काय ऐकवलंत? या ओव्या उतरवून द्या मला.”

मी दिल्या नाहीत. ते गेल्यावर पडवीत आलो आणि तुला म्हणालो, विधवेचा गळा परपुरुषाच्या कानी गेला, गाव काय म्हणेल? गाव काहीच म्हणत नव्हते, मीरा. गावात कुणाला पत्ताही नव्हता. जात्याचा खुंटा उपटून मी आंघोळीच्या पाण्याखाली जाळला आणि दळण गिरणीवर धाडायला सुरुवात केली. जाते मागच्या दारी पायरीला टाकले. पंधरा दिवसांनी तू ट्रंक घेऊन निघालीस. ‘दादा, येते’ म्हणालीस. मी वर्तमानपत्र वाचत होतो.

लोकलाजेसाठी केले, असे मी सगळ्यांना सांगितले, यशोदेलाही. खरे कारण ती जांभई. भावाला बहिणीचा हेवा वाटला, एवढीच गोष्ट.

त्यानंतर या घरात कुणी गायले नाही. यशोदा मुकाट्याने स्वयंपाक करी, दुपारी मागच्या गल्लीतल्या धुरपताकडे ताक आणायला जाई, आणि तासाने परत येई. ‘ताकाला एवढा वेळ लागतो का?’ हे मी रोज विचारत असे. आमचे बोलणे म्हणजे जवळजवळ तेवढेच. त्या धुरपतालाही मी एकदा दारातून परत पाठवले होते, इथे शिकवणी चालते, तुमची गाणी तुमच्या घरी म्हणा, म्हणून. ती पुन्हा उंबरा चढली नाही.

थांब. दारात कुणी आले आहे.

(पुढे लिहितो.)

धुरपता आली होती. सत्तरीला टेकलेली, कमरेत वाकलेली, हातात ताकाचा गडवा. उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली.

“गुरुजी, आत येऊ का? नाई म्हणसान तं इथूनच म्हणतो.”

“काय म्हणतेस?”

“बाईची ओवी. पहाटे अर्धीच आयकू येते मले. महिना झाला, अर्धीच आयकून राह्यलो. घास उतरत नाई.”

मी बाजूला झालो. ती यशोदेच्या उशाशी बसली, तिचा डावा हात हातात घेतला. यशोदेने तिच्याकडे पाहिले आणि दुपारच्या उन्हात ओवी धरली: अंगनी लावली जाई, तिले पानी कोन घाली. थांबली. आणि धुरपताने फुटक्या आवाजात उचलली:

नंद गेली दूरदेशी, जाई म्या सांभायली

दोघींचे हात गोधडीवर फिरू लागले. यशोदेने पुढची ओवी धरली, मग त्यापुढची. मला त्यातली एकही माहीत नव्हती.

मीरा, हा अर्धा तुझा नाही. तू खुंट्यापाशी असताना कोणती नणंद दूर गेली होती? मी धुरपताला विचारले, हे कधीचे?

“तुमच्या बहीनबाई गेल्या त्या सालचं. बाई रोज येत माह्याकडे, आमचं जातं आहे अजून. बाई म्हने, म्या जोडी देओ.” मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, “ताकाले एवढा वेळ लागते का, गुरुजी?”

अठरा वर्षे मी समजत होतो की हे घर मी मुके केले. त्याचा पश्चात्तापही करत होतो, आणि त्या पश्चात्तापात थोडी ऐट होती. तीही आज गेली. यशोदा गात होती. फक्त माझ्या कानांवर पडू देत नव्हती.

तेव्हा वर मागितलेले पाठवू नकोस. तुझा तो अर्धा कागदावर आला तर मी त्याच्या मात्रा मोजत बसेन. आलीस तर तिच्या कानाशी म्हण. आर्वीहून दुपारची मोटार मिळते. मागच्या दारी ते जुने जाते अजून पडून आहे, सुताराला बाभळीचा खुंटा करायला सांगतो.

आत दोघींचे चालू आहे. मी ओसरीवर बसून लिहितो आहे. आत बस, असे कुणी म्हटले नाही. जाईची पाने थंडीने पिवळी पडलेली नाहीत. भाद्रपदापासून तिला कुणी पाणी घातलेले नाही. बादली घेऊन जातो.

वर ‘दादा’ लिहिले आहे ते सवयीने.

वासुदेव