पणाला लावलेला नारिंगी

युमा, ६ जानेवारी

चि. कर्ट यास ताईचे मोजके आशीर्वाद. राग निवळला तर बाकीचे मागाहून पाठवीन.

फोनवर तू ओरडतोस, म्हणून हे पत्र. कागदावर किती ओरडायचं ते ओरड, इथे ऐकू येत नाही.

थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला मी आले नाही, तेवढ्यात तू पराक्रम गाजवलास. आपला मावसभाऊ वर्लिन टर्की कापता कापता एवढंच म्हणाला ना, की बाबा गेल्यापासून आम्हा हॅल्वर्सनांचे मेक, टेबलावरच्या खेळातले ते बोटभर यंत्रयोद्धे, लढत नाहीत, नुसता धूर सोडतात? झालं! हातात बटाट्याचं भांडं घेऊन तू जाहीर केलंस, की जुलैच्या सामन्यात पणाला बाबांचा नारिंगी मेक. हरणाऱ्या जोडीने आपला एक रंगवलेला मेक जिंकणाऱ्याला द्यायचा, ही ओ क्लेअरच्या चर्चच्या तळघरातली रीत मलाही ठाऊक आहे. पण आजवर प्रत्येकाने आपली सगळ्यात भिकार बाहुलीच लावली. एवढा दानशूर तूच निघालास.

काउंटीच्या बर्फ सारायच्या गाडीचा उरलेला रंग फासून बाबांनी तो रंगवला होता. ओल्या रंगात पाठीवर त्यांचा अंगठा उमटला, तो तसाच आहे. आता तो अंगठा वर्लिनच्या कपाटात, त्याच्या बोलिंगच्या कपांशेजारी राहणार. कर्ट, मला हे सहन व्हायचं नाही.

तुझी जोडीदार मीच, तेव्हा ऐक. कागदावर मेकचा आराखडा मांडताना त्याचं वजन ठरलेलं असतं. गन वाढवल्या की मेक गार ठेवणाऱ्या रेडिएटरला जागा उरत नाही. तू अंगभर गन लटकवतोस, पहिल्याच फेरीत सगळ्या झाडतोस, मग मेक तापून बंद पडतो आणि शत्रू निवांत मागे येऊन पातळ पाठीत गोळ्या घालतो. दरवर्षी हेच. यंदा गन उतरव, रेडिएटर बसव.

जोलीनला आणि मुलांना गोड पापा. लोभ तुझ्या वागण्यावर अवलंबून.

आर्लिस

*

डुलुथ, ११ फेब्रुवारी

ती. आर्लिसताईस शि. सा. न. वि. वि.

उपदेश पोचला. तलावाच्या बर्फावर मासे धरायला बसलो होतो, तिथेच वाचला. जोलीनचं म्हणणं, मी असलो की बर्फावरच्या झोपडीत शेगडी लागत नाही.

आता तुझ्याबद्दल. तुझा मेक म्हणजे चालता फ्रीज. तो कधी तापत नाही, कारण तो कधी काही करतच नाही. गेल्या वर्षी अख्ख्या सामन्यात तू वर्लिनच्या मेकवर ओरखडासुद्धा काढला नाहीस. मी तापून मेलो, तू गारठून मेलीस. मेलो दोघंही, पण शहाणी म्हणे तू!

नारिंगीचं बोलून गेलो खरा. त्यानंतर बटाटे घशाखाली उतरले नाहीत. पण सगळ्यांसमोर शब्द दिला, आता फिरवता येत नाही.

पंच यंदाही लुंडीनबाईच. मेकचा आराखडा मेअखेर बंद पाकिटात त्यांच्याकडे पोचला पाहिजे, मग बदल नाही. जोडीदाराचा कागद बघायचा नाही, हा त्यांचा जुना खोडसाळपणाही कायम आहे. गणित शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला करमणूक हवीच.

वाळवंटात सांभाळून राहा. रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

कर्ट

*

युमा, २२ मे

चि. कर्ट यास आशीर्वाद.

पाकीट टाकलं. फ्रीज म्हणालास, ते विसरलेले नाही. जास्त काही विचारू नकोस.

ताई

*

ओ क्लेअर, १४ जुलै

ती. आईस साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? फार्गोच्या मावशीला फार राबवू नकोस.

तुला वाटतं तुझी मुलं हुशार आहेत. तो गैरसमज आजच दूर करते.

लुंडीनबाईंनी पाकिटं फोडली. कर्टने जन्मात पहिल्यांदा माझं ऐकलं होतं! दोन बारक्या गन ठेवून बाकी सगळ्या उतरवल्या, मेकभर रेडिएटर बसवले. आणि मी? त्याचे टोमणे मनाला लावून घेऊन मी रेडिएटर काढून मेकभर गन लटकवल्या. वर्लिन इतका हसला की लेमोनेड नाकातून आलं.

आई, सगळ्या गन एकदम झाडण्यात काय मजा आहे गं! इतकी वर्षं मी कर्टला उगाच बोलले. पहिल्या फेरीत वर्लिनच्या जोडीदाराचा, म्हणजे त्याच्या मेव्हण्याचा, मेक खिळखिळा झाला, दुसऱ्या फेरीत आडवा. आणि माझा मैदानाच्या मधोमध तापून बंद. वर्लिन शिट्टी वाजवत माझ्या पाठीकडे वळला.

तेव्हा कर्टने आपला मेक मध्ये आणून उभा केला. नुसता उभा. वर्लिन म्हणाला, हॅल्वर्सनांनी आता फ्रीजचं दार आडवं लावलंय, बाबा असते तर लाजले असते. कर्टचे कान लाल झालेले मी पाहिले. मला वाटलं, आता हा टेबल उलथणार. पण तो बटाट्याचं सॅलड खात राहिला. फेरीमागून फेरी आपल्या दोन फुसक्या गन झाडल्या आणि मार खाल्ला. एक हात गेला, दुसरा गेला. माझा मेक गार होऊन जागा झाला तेव्हा त्याचा कोसळला, आणि लुंडीनबाईंचं स्वयंपाकघरातलं घड्याळ वाजलं. वेळ संपली. दोन्हीकडे एकेक पडलेला, म्हणजे बरोबरी. ज्याचा पण त्याच्याकडे. नारिंगी वाचला!

मी तळघरातच रडले. कांद्यामुळे असं सांगितलं. सॅलडमध्ये कांदा नव्हता.

तुझी,
आर्लिस

*

डुलुथ, २० जुलै

ती. ताईस सा. न.

सोबतच्या लोकरी मोज्यात नारिंगी आहे. तू सांभाळ. माझ्या तोंडाचा भरवसा नाही, आणि थँक्सगिव्हिंग पुन्हा येणारच आहे. फ्रीजचं मानसन्मानाने परत घेतो. गन झाडताना तू अगदी बाबांसारखी हसत होतीस.

कर्ट

*

युमा, ९ ऑगस्ट

चि. कर्ट यास राहिलेले सगळे आशीर्वाद.

तापमानाबद्दल तुला वर्षानुवर्षं शिकवणाऱ्या तुझ्या ताईने काय केलं ते ऐक. नारिंगी पोस्टातून आणला, गाडीच्या काचेखाली ठेवला आणि भाजी घ्यायला दुकानात गेले. इथला ऑगस्ट. परत आले तर बाबांचा रंग चिकट झालेला! घाईने उचलला, तर माझा अंगठा पाठीवर उमटला. बाबांच्या अंगठ्याला अगदी लागून.

बाबांचा जसाच्या तसा आहे, घाबरू नकोस. मी घाबरले तेवढं पुरे.

त्याच मोज्यात घालून परत पाठवते आहे. तो तुझ्याकडेच राहू दे. पाठीवर डाव्या बाजूला अजून जागा आहे, एका अंगठ्यापुरती. डुलुथला ऊन पडलं की गाडीच्या काचेखाली ठेव आणि वाट बघ. वाट बघणं तुला आता जमतं.

रविवारी फोन कर. ओरडलास तरी चालेल.

ताई