एकेचाळीस स्वच्छ कॅसेटी

प्रिय मामा,

आधी नमस्कार. वाकून केलाय असं समजा. तुमचा गुडघा कसा आहे? (चढताना दुखतो की उतरताना, हे तुम्ही दर पत्रात बदलता, त्यामुळे आई दोन्हींची काळजी करून ठेवते.) मामींनी गच्चीवर लावलेल्या टोमॅटोंना फळ धरलं का, की अजून पानांचंच कौतुक चाललंय? आमच्याकडे सगळं ठीक आहे. (हे वाक्य पत्रात असावं लागतं म्हणून लिहिलं. पुढचं वाचून झालं की तुम्हीच खोडा.)

मी पदवीधर झाले तेव्हा तुम्ही लिहिलं होतं, की आता घरात एक शिकलेलं डोकं आलंय, त्याचा उपयोग करून घ्या. मामा, उपयोग झाला. तेव्हापासून फ्रीज घरघरला की मला विचारतात, शेजारच्यांचा पाण्याच्या मीटरचा अर्ज मी लिहिते आणि औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं सगळी गल्ली माझ्याकडून वाचून घेते. माझा विषय वनस्पतिशास्त्र होता हे सांगायचं मी आता सोडून दिलंय. पण विश्वास एकदा बसला की ज्याच्यावर बसतो त्यालाही तो चढतो. मला खरंच वाटायला लागलं होतं की आपण हात लावू ते सुधारतं.

आता रविवारच्या मंडळींबद्दल. तुम्हाला जॅझ आवडत नाही, हे माहीत आहे (स्वयंपाकघरातलं फडताळ कोसळून बराच वेळ कोसळतच राहिल्यासारखं वाटतं, असं तुम्ही बाबांच्या तोंडावर म्हणाला होतात आणि ते आठवडाभर हसत होते), तरी नीट सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. रविवारी चार वाजता बाबांच्या दुकानाचं शटर अर्धं खाली ओढायचं, दुरुस्तीला आलेली शिलाई मशीनं भिंतीकडे सरकवायची आणि मधल्या जागेत चौघांनी बसायचं: बाबा, दातांचे डॉक्टर, बेकरीवाले काका आणि नर्सबाई. दर वेळी एकाने आपली आवडती रेकॉर्ड निवडायची आणि ऐकवायची. वाजवणारा कोण, हे चहा झाल्याशिवाय सांगायचं नाही, कारण नाव कळलं की माणसं कानाऐवजी नावाने ऐकतात, असं बाबांचं म्हणणं. आणि दुसऱ्याच्या आवडीला वाईट म्हणायचं नाही. नाहीच पटलं तर एवढंच म्हणायचं: 'माझ्या कानाला वेळ लागेल.' नर्सबाईंना एक गायिका फार प्रिय होती. ती ठेक्याच्या इतकी मागून यायची, की तिची बस सुटलीय आणि तिला त्याचं काहीच वाटत नाहीये असं वाटावं. तिच्यासाठी बेकरीवाल्या काकांच्या कानाला अकरा वर्षं लागली. बाराव्या वर्षी एका रविवारी ते गाणं संपल्यावर पिठाच्या हातांनी डोळे पुसायला गेले आणि चेहऱ्याचा पार लगदा करून घेतला.

रेकॉर्डी सगळ्या डॉक्टरांच्या. ते त्या कुणाला देत नसत आणि आपल्या रेकॉर्डप्लेयरला दुसरी कुठलीही वायर लावू देत नसत. (उघड्या तोंडात आपण सोडून कुणी काही घातलेलं त्यांना खपत नाही, असं नर्सबाई म्हणतात.) म्हणून बाबा आपला जुना टेपरेकॉर्डर टेबलावर ठेवायचे, लाल बटण दाबायचे आणि खोलीतल्या हवेतूनच सगळं टेप करायचे. त्यामुळे आमच्याकडच्या एकेचाळीस कॅसेटींवर जगातले मोठमोठे वादक आहेत आणि त्यांच्याबरोबर बेकरीवाल्या काकांच्या शिंका आहेत, खुर्च्यांची करकर आहे, नर्सबाईंच्या बांगड्या आहेत. आणि बाबा. बाबांना गप्प बसून ऐकता येत नसे. सॅक्सोफोन सुरू व्हायच्या अगदी आधी ते हळूच म्हणायचे, 'आता आला बघा.' लग्नघरी दारात उभं राहून पाहुण्यांची वर्दी द्यावी तसे. मग स्वतः गुणगुणायचे, मूळ सुरापेक्षा जरा खाली.

इथे क्रियापदं भूतकाळी लिहायची सवय मला आठ महिन्यांत अजून लागलेली नाही. दोन ठिकाणी खोडलंय, दिसेलच.

तर बाबा गेल्यावर काही आठवड्यांनी आई दुपारी कॅसेट लावून बसायला लागली. आई! जी इतकी वर्षं रविवारी चार वाजले की चहाचा ट्रे शटरखालून आत सरकवून परत फिरायची, उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायची नाही. आता जेवण झालं की टेपरेकॉर्डर स्वयंपाकघरात, आणि ही भाजी निवडत एक पूर्ण बाजू ऐकायची. मला केवढा आनंद झाला, मामा. मला वाटलं, दुःखाने का होईना, आईचा कान उघडला. मी तिला माहितीसुद्धा द्यायला लागले, म्हणजे हा पियानो वाजवणारा आंधळा होता वगैरे. ती 'हो का' म्हणायची आणि हाताने मला जरा थांब अशी खूण करायची. मला वाटायचं, किती मन लावून ऐकतेय! आणि इतक्या मन लावून ऐकणाऱ्या बाईला शिंका आणि खुर्च्या ऐकाव्या लागतात याचं मला वाईट वाटायला लागलं. शिवाय, हे संगीत चार माणसांत का अडकून राहावं? ते सगळ्यांपर्यंत गेलं पाहिजे. पण स्वच्छ होऊन गेलं पाहिजे.

मी संगणकाच्या वर्गातल्या मैत्रिणीचा लॅपटॉप मागून आणला आणि कॅसेटी एकेक करून त्यात उतरवून घेतल्या. आवाजातली खरखर काढायचं तंत्र शिकले. रोज संध्याकाळी कामावरून आले की कानाला हेडफोन लावून बसायचे. खरखर यंत्र काढतं, पण शिंक, खोकला, बोलणं हे हाताने शोधून काढावं लागतं, आणि तिथे खड्डा पडतो तो त्याच चालीच्या दुसऱ्या तुकड्याने बुजवावा लागतो. मी बुजवला. सात आठवडे बुजवत होते. (मैत्रीण म्हणाली, एवढ्या मेहनतीने कुणी थिसिस लिहीत नाही. मला ते कौतुक वाटलं.) पद्धतशीर काम असावं म्हणून एक वही केली. कॅसेट, मिनिट, आवाज कसला, कुणाचा, असे चार रकाने. लॅपटॉप भरत आला की मूळ आवाज काढून टाकायचा आणि स्वच्छ केलेला तेवढा ठेवायचा. आणि आईला कॅसेटच लावता येते, नव्या कॅसेटी कुठे मिळत नाहीत, म्हणून स्वच्छ आवाज मी परत त्याच कॅसेटींवर भरला. एकेचाळीसच्या एकेचाळीस. या दिवसांत आई दुपारी लावायला कॅसेट शोधायची, तर मी म्हणायचे, थोडं थांब, तुझ्यासाठी काहीतरी करतेय.

मामा, सात आठवडे मी रोज बाबांना ऐकत होते आणि रोज पुसत होते. वहीत माझ्या अक्षरात दोनशे अठरा वेळा 'बाबा' लिहिलंय. एकदाही हात थांबला नाही. उलट एखादं 'आता आला बघा' असं सफाईने निघायचं, की सांधा कुठे होता ते मलाही सापडू नये, तेव्हा मी खुर्चीत मागे रेलून स्वतःवर खूश व्हायचे.

मग मंडळींना बोलावलं. आठ महिन्यांनी दुकानाचं शटर पुन्हा अर्धं खाली आलं. मी एक छोटं भाषण केलं. (छोटं म्हणजे दोन पानं. 'संगीत ही वाटून वाढणारी गोष्ट आहे' असं त्यात दोनदा होतं.) आईलाही आग्रहाने आत आणून बाबांच्या खुर्चीवर बसवलं. कॅसेट लावली. आवाज काय स्वच्छ आला! डबल बेसची तार न् तार सुटी ऐकू येत होती. सॅक्सोफोन आला, कुणी वर्दी न देता आला. मी सगळ्यांच्या तोंडांकडे बघत होते. डॉक्टर जमिनीकडे बघत होते. बेकरीवाले काका एका जागी मान पुढे करून थांबले, जसा शिंक यायच्या आधी माणूस थांबतो, आणि टेपवरची त्यांची ती शिंक आलीच नाही. बाजू संपली. मग नर्सबाई अगदी हळू म्हणाल्या, 'माझ्या कानाला वेळ लागेल गं.' डॉक्टर म्हणाले, 'माझ्याही.' काकांनी हातरुमाल घडी करून खिशात ठेवला.

आई म्हणाली, 'ही दुसरी कॅसेट लावलीस का? ह्यात ते नाहीत.'

मी म्हटलं, तीच आहे. ती म्हणाली, 'मग पुढे येतील,' आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली. मला तिला सांगावं लागलं. सगळ्यांसमोर, दोन पानांचं भाषण हातात धरून.

ती रागावली असती तर मी तरले असते. तिने चहाचे कप गोळा केले. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर टेपरेकॉर्डर पुसला, दुकानात नेऊन ठेवला आणि स्वयंपाकघरात येऊन गप्प भाजी निवडायला लागली. मी म्हटलं, आई, ओरड तरी. तर म्हणाली, 'तुला कशाला ओरडू? तू घर झाडलंस. झाडताना जातं कधीकधी.' संगीत कुठेच गेलेलं नाही, मामा. ते डॉक्टरांकडे जसंच्या तसं आहे, जगात हजारो लोकांकडे आहे. जे एकाच ठिकाणी होतं तेवढं मी नेमकं शोधून काढलं आणि पुसलं.

मंडळी भली आहेत. पुढच्या रविवारी न बोलावता आली. बेकरीवाल्या काकांनी ठरवून टाकलं होतं, की वही आहे ना, मग सगळं परत टेप करायचं! डॉक्टरांची तीच रेकॉर्ड, तोच टेपरेकॉर्डर, तीच खोली. मी वही धरून उभी राहिले आणि खुणा करायला लागले. दोन मिनिटं दहा सेकंद, काका, शिंक. काकांना ऐनवेळी शिंक येईना. त्यांनी तोंडाने 'आक् छी' म्हटलं, ते इतकं खोटं वाटलं की नर्सबाई फस्सकन हसल्या, आणि डॉक्टर ओरडले, 'बाई, वहीत हसू नाहीये!' तर तेही टेप झालं. खुर्ची करकरेना, कारण मधल्या काळात मीच तिला तेल घातलं होतं. (सुधारणा.) बांगड्या तेवढ्या वेळेवर वाजल्या. चांगलं रंगत होतं. आम्ही आठ महिन्यांत पहिल्यांदा हसत होतो. आणि मग चार मिनिटं पाच सेकंद आली. वहीत 'बाबा: आता आला बघा'. हे कोण म्हणणार, ते कुणी ठरवलंच नव्हतं. काकांनी तोंड उघडलं आणि मिटलं. डॉक्टरांनी चष्मा काढला. मी खूण केली नाही. सॅक्सोफोन आला आणि वाजत राहिला, आणि कुणीही ते यंत्र बंद करायला उठलं नाही.

असं सगळं आहे. जे घडलं ते घडलं त्या क्रमाने लिहिलंय, स्वतःची बाजू घेऊन कुठे सफाई केलेली नाही. आता सफाईची भीतीच वाटते. मामींना माझा नमस्कार सांगा आणि मला दोन शब्द रागावून लिहा. इथे कुणी रागावत नाही.

तुमची,
पदवीधर भाची

ता. क. हे पत्र लिहिल्याचं आईला कळू देऊ नका. उगाच तिची आशा वाढायला नको. कसली, ते पुढे.

ता. क. दुसरा. आमच्याकडे कॅसेटी एकेचाळीस असल्या तरी शेवटच्या कॅसेटीवर बाबांनी बेचाळीस नंबर घातलाय. मला वाटलं, मोजताना चुकले. मी वहीत ती चूकही दुरुस्त केली होती. पण नर्सबाई म्हणतात, चुकले नाहीत. तुम्ही नोकरीसाठी तिकडे निघालात त्याच्या आदल्या रविवारी तुम्हाला जबरदस्तीने मंडळींत बसवलं होतं, आणि त्या दिवशीची कॅसेट बाबांनी तिथल्या तिथे काढून तुमच्या खिशात घातली. सतरा नंबर. मामा, ती आहे का तुमच्याकडे? असली तर तशीच पाठवा. पुसू नका, मागेपुढे फिरवून बघू नका, वरची धूळसुद्धा झटकू नका. आणि नसली, किंवा तुम्ही तिच्यावर दुसरं काही भरलं असलं, तर सरळ तसं लिहा. मी त्याबद्दल तुम्हाला काही म्हणण्याच्या स्थितीत नाही.

ता. क. तिसरा. पाकीट आणायला उठले तेवढ्यात आईने पत्र वाचलं. पूर्ण. चष्मा लावून, एकेक ओळ. मी दारात उभी. मग म्हणाली, 'त्याला लिही, कॅसेट असली तर तिथेच ठेव म्हणावं. इथे पाठवू नको. ही तिला आंघोळ घालील. मीच येते ऐकायला.' आणि हसली, मामा. तोंडावर पदर धरून हसली, मग तो पदर बराच वेळ तोंडावरच राहिला. तर कॅसेट पाठवू नका. असली तर फोन करा, आई निघेल. तिने माळ्यावरची बॅग काढून ठेवलीय, एका माणसाचे कपडे मावतील अशी लहान. मी येऊ का, हे तिला विचारायचं मला धाडस होत नाही. फोनवर तुम्ही विचाराल का? मी कशाला हात लावणार नाही. दाराबाहेर बसेन.