बिनदुधाचे चार दिवस

८ एप्रिल

उचलली जीभ लावली टाळ्याला! दुसरं काय? गल्लीच्या बैठकीत विषय निघाला — थिंज्यानच्या, म्हणजे नववर्षाआधीच्या पाण्याच्या सणाच्या, चार दिवसांत विहारात अष्टशील घेऊन बसणाऱ्यांना दुपारचं थंड पेय कोण देणार? दरवर्षी चार घरं एकेक दिवस वाटून घेतात. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "चारही दिवस माझे."

सगळे "साधू, साधू" म्हणाले. मला अगदी भरून आलं. तेवढ्यात भंते शांतपणे म्हणाले, "फार चांगलं, साया. फक्त यंदा विहारात मांस, अंडं, दूध काही नाही. मधसुद्धा नको."

मी खाली बसलो. एक्केचाळीस वर्षं पकोक्कूत दुधाचा चहा ओततोय. गाव मला साया म्हणतं, गुरुजी म्हणून मान देतं, तो त्या दुधाच्या जोरावर! दूध काढून घेतलं तर मी कोण? नुसता बा ठे, वय चौसष्ट, गुडघेदुखी.

घरी येऊन यमिनला सांगितलं. पोरगी तडकलीच. "बाबा, शंभर माणसं आहेत! निदान मला विचारायचं तरी! आणि चारही दिवस कशाला?"

"पुण्य," म्हणालो.

इथे खरं लिहायला हरकत नाही, ही वही कोण वाचतंय? शीलाला बसणाऱ्यांची यादी भिंतीवर लावली होती. तिसरं नाव दॉ न्वे यिनचं.

९ एप्रिल

रोज सकाळी साडेसातला दॉ न्वे यिन दुकानात येते. कोपऱ्यातलं टेबल. छत्री मिटून खुर्चीला लावायची, केसातलं फूल चाचपायचं आणि टेबलावरची किटली पुढे ओढायची — सगळ्यांसाठी फुकट ठेवलेली, कोऱ्या चहाची. दोन पेले पिते. धाकट्या भावासाठी दुधाच्या चहाचं एक पार्सल बांधून घेते आणि जाते. नऊ वर्षं हेच चाललंय. नवरा गेला तेव्हा तिनं मांसमच्छी सोडली, दूधही सोडलं.

भाऊ मात्र माझ्या चहाचा असा भक्त की एक दिवस खाडा नाही! बिचारा पाठीच्या दुखण्यानं घराबाहेर पडत नाही. मी त्याच्या पार्सलमध्ये दूध जरा सढळ हातानं घालतो.

पण तिनं माझ्या हातचा एक घोट घेतलेला नाही. ओढ्याकाठी राहून तहानलेला म्हणतात ना, तसं झालंय — फक्त तहान ओढ्यालाच लागली आहे!

आज पहिला प्रयोग. कडक चहा, लिंबू, ताडाचा गूळ, बर्फ. सुंदर तांबूस रंग आला. मी खूश होऊन यमिनला हाक मारली आणि मान वळवली तेवढ्यात हातानं आपलं आपण डब्याचं गोड दूध ओतलं! एक्केचाळीस वर्षांची सवय. लिंबात दूध फाटलं. यमिन पेल्यात बघत म्हणाली, "हे प्यायचं की पोळीला लावायचं?"

१० एप्रिल

अननस घालून केला. यमिन म्हणाली छान. जावई म्हणाला छान. दोघांनीही पेला अर्धा ठेवला.

११ एप्रिल

या गावाला भिडेचा रोग आहे! काहीही द्या, "छान आहे, साया." परवा मुद्दाम मीठ घालून दिलं तर पोस्टमास्तर म्हणाला, "वेगळीच चव!" समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून माणसं विषसुद्धा गोड मानून घेतील. मग मला कळणार कसं?

संध्याकाळी बर्फ आणायला फो लोनची सायकलरिक्षा केली. कोपऱ्यावर उभा असतो तो. वाटेत म्हणाला, "साया, खरं सांगू? तुमच्या चहाला तोड नाही. आणि दूध कसं, सढळ हातानं!"

मी फुगलो. पण उतरल्यावर डोक्यात आलं — हा दुकानात कधी येतो? मी तर कधी पाहिला नाही. असेल, यमिनच्या पाळीत येत असेल.

पण बर्फ फोडताना एकदम ट्यूब पेटली! शील घेतलेल्या माणसाला खोटं बोलता येत नाही. तसं ते पंचशीलातही आहे, पण ते आपण सगळेच उंबऱ्याबाहेर ठेवून येतो. विहारात आठ शीलं घेऊन बसल्यावर तसं नाही. म्हणजे त्या चार दिवसांत जो "चांगला आहे" म्हणेल, तो चांगलाच असणार. आणि दॉ न्वे यिन तर शीलाची पक्की. जे म्हणेल ते खरं.

आता झोप कसली! पुन्हा लिंबं चिरायला घेतली.

१२ एप्रिल

कलिंगड! ठरलं. लाल, थंड, गोड, आणि बाजारात ढीग लागलाय.

१३ एप्रिल

नाक कापलं गेलं. भर विहारात.

दोन वाजता हातगाडीवरून पिंपं नेली. रस्त्यावर पोरांनी पाणी मारून मारून मला चिंब केलं, पण पिंपात थेंब जाऊ दिला नाही. शंभर पेले भरले. लालभडक चहा, वर बर्फ. सगळ्यांनी पेले हातात घेतले. कुणी पिईना!

"रंग काय सुरेख आहे," एक आजी म्हणाल्या.

"हाताला गार लागतंय," दुसऱ्या म्हणाल्या.

पोस्टमास्तर नुसताच हसत पेल्याकडे बघत होता. भंते आत होते. पाच मिनिटं गेली. कुणी खोटं बोललं नाही, खरंही बोललं नाही. काय वस्ताद माणसं!

शेवटी तिसऱ्या रांगेतून दॉ न्वे यिन बोलली. "साया, बारा वाजल्यानंतर मोठ्या फळाचा रस चालत नाही. कलिंगड, फणस, नारळ, ताडफळ — काही नाही. फळ लहान हवं. मुठीत मावेल असं. आणि गाळून घ्यायचं, चोथा नको."

मला हे माहीत होतं! आईनं लहानपणी सांगितलेलं! तिच्याबरोबर किती वेळा विहारात गेलोय. दुधाच्या चिंतेत फळाचं विसरूनच गेलो. साठी बुद्धी नाठी, आणि मी तर चौसष्टचा.

पिंपं परत रस्त्यावर नेली. भिजलेल्या पोरांनी दहा मिनिटांत फस्त केली. "साया झिंदाबाद" म्हणत होती. विहारात सगळ्यांना साधं पाणी.

पण एक सांगू का, वही? शंभर माणसांत मला तोंडावर खरं सांगणारी एकच निघाली. घरी येताना मी शीळ घालत होतो. यमिन म्हणाली, "बाबा, उन्हात फार फिरू नका."

१४ एप्रिल

आज मयान. आंब्याचंच छोटं भावंड, पिवळंधमक, आंबटगोड, बरोब्बर मुठीत मावणारं. यमिननं आणि मी सकाळपासून दोन टोपल्या कुस्करल्या, नव्या पांढऱ्या कापडातून गाळल्या. चहा वेगळा करून गार केला. ताडाचा गूळ, लिंबू. माझ्या जुन्या पत्र्याच्या भांड्यानं वरून धार धरून ओतला, म्हणजे फेस येतो. विहारात लोक बघत राहिले. मीही जरा हात उंच नेला, खोटं कशाला सांगू!

आजी प्यायल्या. पोस्टमास्तर प्यायला आणि दुसरा मागितला. शील घेतलेला पोस्टमास्तर! म्हणजे खरंच चांगला झालाय!

दॉ न्वे यिननं पेला ओठांपर्यंत नेला आणि खाली ठेवला. "दुधाचा वास येतोय, साया."

"एक थेंब नाही! यमिनची शपथ!"

"चहाला नाही म्हणत मी. तुमच्या भांड्याला येतोय."

मी तिथेच तडकलो. म्हणालो, हे भांडं बावीस वर्षांचं आहे, रोज राखेनं घासतो, वगैरे वगैरे. ती हात जोडून बसली.

घरी येऊन भांड्यात नाक घातलं. दुधाचं दुकान! सांध्यासांध्यात मुरलंय. बावीस वर्षं हातात धरलं, मला कधी वास आला नाही. मलाही तसाच वास येत असणार.

१५ एप्रिल

सकाळी नदीकाठी जाऊन नवा मातीचा रांजण आणला, नारळाच्या करवंटीचा ओघराळा आणला. नवा सदरा घातला. यमिन डोळे बारीक करून बघत होती. "बाबा, चहा विहाराला देताय की एका माणसाला?"

"तू मयान कुस्कर."

कुस्करता कुस्करता म्हणाली, "आई जाऊन बारा वर्षं झाली. मी काही बोलणार नाही हं. नुसतं सांगतेय, मला चालेल." मला मिरची झोंबल्यासारखं झालं. डोळे पुसले, फळाचा रस उडाला म्हणालो.

दुपारी ओघराळ्यानं तिचा पेला भरला. धार नाही, फेस नाही, नखरा नाही. ती प्यायली. पुन्हा प्यायली. माझा जीव टांगणीला.

"गूळ जरा जास्त आहे," म्हणाली. पेला पुढे केला. "पण अजून एक घेईन."

नऊ वर्षांत पहिल्यांदा! ओघराळा हातातून सुटून रांजणात पडला.

निघताना तिनं विचारलं, "साया, चारही दिवस एकट्यानं का घेतलेत?"

"पुण्यासाठी," मी म्हणालो.

ती हसली. "तुम्ही शील घेतलेलं नाही. तुम्हाला चालतं."

१६ एप्रिल

पहाटे विहारात जाऊन मीही अष्टशील घेतलं. भंते म्हणाले, "साया, बारानंतर जेवण नाही, जमेल ना?" जमेल म्हणालो. बारा वाजून दहा मिनिटांनी भुकेनं डोळ्यांपुढे तळलेले पाव नाचायला लागले! चहा यमिन आणि जावई घेऊन आले. गूळ कमी. मीही रांगेत बसून प्यायलो. गिऱ्हाईक होऊन माझा चहा मी आज पहिल्यांदा प्यायलो. बरा करतो मी!

संध्याकाळी सगळे अंगणात पाय मोकळे करत होते. मी दॉ न्वे यिनजवळ गेलो. चार हात अंतर ठेवलं. म्हणालो, "काल मी खोटं बोललो. पुण्यासाठी नव्हतं. तुम्ही माझ्या हातचं काहीतरी प्यावं म्हणून होतं."

तिनं चिंचेची गळलेली पानं पायानं बाजूला सारली. मी मनात म्हटलं, बा ठे, संपलं. उद्यापासून ती समोरच्या दुकानात जाणार.

"साया," ती म्हणाली, "माझंही एक खोटं आहे. बरंच जुनं. पण ते या अंगणात सांगण्यासारखं नाही. उद्या साडेसातला येते."

कसलं खोटं? भिक्षुणी व्हायचं ठरवलंय का? भावाकडे गाव सोडून जाणार? पण भाऊ तर इथेच आहे! भीती वाटतेय. सरळ लिहितो, भीती वाटतेय.

१७ एप्रिल, नवं वर्ष

साडेसातला आली. छत्री मिटली, बसली. मी सवयीनं पार्सल बांधायला घेतलं.

"बांधू नका," म्हणाली. "माझा भाऊ चहा पीत नाही. कधीच प्यायला नाही."

नऊ वर्षं! रोज एक पार्सल! मी रबरबँड हातात धरून उभा.

तेवढ्यात दारात फो लोन. "मावशी, आज माझं पार्सल विसरलात?"

ती लाजली नाही की काही नाही. समोरची खुर्ची पायानं बाहेर सरकवली आणि म्हणाली, "आजपासून इथेच येऊन पीत जा. मीही आता इथेच असणार आहे."